कोकणातल्या माणसाला कोणता काळ किती ओळखीचा?

दापोली तालुक्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. ग्रामपंचायत आणि गावाचं मुंबई मंडळ मिळून गावातल्या जुन्या ठिकाणी माहितीफलक लावणार आहेत. ग्रामदेवतेच्या देवळासमोर दोन वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) आहेत, राईच्या कडेला गाढवाचं शिल्प असलेला एक दगड आहे आणि खाडीच्या बाजूला पडका बुरूज आहे. मजकूर लिहायची जबाबदारी त्यांच्यावर आली आहे. त्या विचारतात: सातवाहन, शिलाहार, आदिलशाही असे शब्द लिहिले तर साध्या माणसाला त्यातलं काय कळेल? कोणता काळ लोकांना माहीत आहे असं धरून चालायचं?

मॅडम, गावोगावच्या जुन्या जागांची नोंद करणं आणि तिथल्याच मुलामुलींना मार्गदर्शक म्हणून तयार करणं हे माझं काम आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्याही रोजच्या कामातला आहे. आधी थोडक्यात सांगतो. कोकणात कुठेही जा, लोकांना दोन काळ पक्के ठाऊक असतात: पांडवांचा आणि शिवाजी महाराजांचा. तिसरा म्हणजे आजी-आजोबांच्या आठवणीतला, साधारण शंभर वर्षांचा. या तिन्हींच्या मधलं बहुतेक सगळं नावानिशी कोणाला सांगता येत नाही. पण त्या मधल्या काळातले दगड, तळी, देवळं लोकांच्या रोजच्या वापरात आहेत, आणि फलक लिहिताना तुम्हाला हीच गोष्ट कामाला येणार आहे.

शिवकाळ ओळखीचा का, हे उघड आहे. चौथीचं इतिहासाचं पुस्तक, दिवाळीत अंगणात बांधलेला मातीचा किल्ला, शिवजयंतीची मिरवणूक, पोवाडे, आणि समोर समुद्रात उभे असलेले किल्ले. हर्णैच्या मुलाला सुवर्णदुर्ग शाळेच्या वाटेवर दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यांत रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे कोकणातले पाच आहेत. त्यामुळे ही ओळख आणखी वाढली.

पण ही ओळख जरा खोलात जाऊन तपासा. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा, तानाजी हे प्रसंग बहुतेकांना तोंडपाठ असतात आणि ते सगळे कोकणाबाहेरचे किंवा घाटमाथ्याचे. आपल्या किनाऱ्यावर काय घडलं म्हणून विचारलं की सिंधुदुर्गाचं नाव येतं आणि गाडी तिथेच थांबते. त्यातही २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणला मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर काम सुरू झालं, हे मालवणातल्या माणसाला ठाऊक असतं, दापोलीतल्याला क्वचित. महाराजांनंतरचं तर झपाट्याने पुसट होत जातं. कान्होजी आंग्र्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, अलिबागकडे आणि कोळीवाड्यांत तर अभिमानाने घेतलं जातं. पण १७२९ मध्ये कान्होजी गेल्यावर पुढे काय झालं? १७५५ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने कान्होजींचा मुलगा तुळाजी याच्याकडून सुवर्णदुर्ग घेतला आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडून तिथलं आंग्र्यांचं आरमार जळालं, हे हर्णैच्या बंदरावर उभं राहून सांगितलं तर ऐकणारे गप्प होतात. मला ही गोष्ट सांगणं फार महत्त्वाचं वाटतं. आंग्र्यांचं हे आरमार कसं संपलं हे ज्या किनाऱ्याने पाहिलं, त्याच किनाऱ्यावर ती हकिकत कोणी सांगत नाही.

आता पांडव. कोकणातलं कुठलंही लेणं ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलं’ असतं. तुमच्या तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला जुनी माणसं हेच सांगतील. राजापूर, लांजा, रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणि आजूबाजूला इतर प्राणी आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातलं कुडोपी, अशी कितीतरी ठिकाणं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांचा नेमका काळ अजून ठरायचा आहे. हजारो वर्षांपूर्वीची, शेती येण्याआधीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाहेरच्यांना ती अलीकडे ‘सापडली’. गुरं घेऊन सड्यावर जाणाऱ्याला मात्र ती जन्मापासून ठाऊक होती, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने आपल्या परीने त्यांचा काळही लावला होता: पांडवांची चित्रं. माझ्या मते याला अडाणीपणा म्हणणं चूक आहे. ‘हे आमच्या ओळखीच्या कुठल्याच राजाच्या आधीचं आहे’ हे त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि तेवढं जुनं सांगायला त्याच्याकडे पांडव हे एकच नाव होतं.

म्हणजे पांडव आणि शिवाजी महाराज ही लोहचुंबकाची दोन टोकं झाली. मधला कुठलाही जुना अवशेष यातल्या एका टोकाला जाऊन चिकटतो. कातळात खोदलेलं असेल तर पांडवांकडे, चिरेबंदी भिंत असेल तर महाराजांकडे. तुमचा खाडीवरचा बुरूजही बहुधा ‘शिवकालीन’ म्हणूनच सांगितला जात असेल. तो असेलही. पण खाडीच्या तोंडावरचे बुरूज आदिलशाहीत, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या काळात, आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्याही काळात बांधले आणि दुरुस्त केले गेले. कागद किंवा शिलालेख हाती नसेल तर फलकावर ‘शिवकालीन’ लिहू नका. गावात थोडी नाराजी होईल, ती सोसा.

मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या काळात नेमकं काय काय आहे ते तुमच्याच तालुक्यावरून पाहू. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. सुरुवातीची बौद्ध, मग वज्रयान या तंत्रमार्गी बौद्ध पंथाची, मग कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळातली शैव आणि गणेशाची, मग नाथपंथाची. एकाच डोंगरात हजार वर्षांहून जास्त काळ माणसं येऊन आपापलं काही कोरत राहिली. तिथे सापडलेला शिलाहार विक्रमादित्याचा ताम्रपट शके १०६१ चा, म्हणजे इ. स. ११३९ चा आहे आणि त्यात हे ठिकाण प्रणालक या नावाने येतं. म्हणजे आज एसटीच्या दोन-चार फेऱ्या होणारं हे गाव एके काळी राजधानीचं ठाणं होतं.

तिकडे दाभोळ. बहमनी आणि आदिलशाहीत पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. घोडे, कापड, मिरी आणि हजचे यात्रेकरू यांची तिथे सतत ये-जा असे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते लुटून जाळलं. दाभोळची सुंदर मशीद आदिलशाहीच्या अखेरच्या काळातली. लोकांना मशीद माहीत असते, तिच्याशी जोडलेली राजकन्येची दंतकथा माहीत असते. पण आदिलशाहीने इथे दीडशे वर्षांच्या आसपास कारभार केला आणि देशमुखी, सरदेसाई, खोती या पुष्कळ वतनांची मुळं त्या कारभारात आहेत, हे ज्यांच्या आडनावातच ते वतन आहे त्यांच्याही लक्षात नसतं.

आणखी मागे गेलं तर रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाजवळची कुडा लेणी. तिथले दोन हजार वर्षांच्या आतबाहेरचे शिलालेख वाचताना मला दर वेळी आनंद होतो, कारण त्यांत महाभोज मांदव या तिथल्या सत्ताधारी घराण्याबरोबर वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी अशी साधी माणसं दान देताना भेटतात. सातवाहन या त्या काळच्या राजघराण्याच्या नावाने गावातल्या कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. ‘ह्या खोलीचे पैसे एका माळ्याने दिले, त्याने आपलं नाव इथे कोरून ठेवलंय’ म्हटल्यावर मात्र लोक त्या अक्षरांवरून बोट फिरवायला पुढे येतात.

आता तुमच्या वीरगळांकडे येतो, कारण फलकाची खरी परीक्षा तिथेच आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई असते, किंवा पडलेला वीर आणि त्याच्या बाजूला गुरं. गुरं असली तर तो गाईगुरं सोडवताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्या वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश, बाजूला सूर्य-चंद्र, म्हणजे सूर्य-चंद्र असेपर्यंत त्याची कीर्ती राहील. शेजारी काटकोनात दुमडलेला बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग कोरलेली आहे. अशा दगडासमोर गावातल्या माणसाला उभं करून खालून एकेक चौकट दाखवा. तिसऱ्या चौकटीपर्यंत तो स्वतःच सांगायला लागतो. शिवाजी महाराजांच्या आधीही आपल्या गावात गावासाठी मरणारे होते, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि त्या दगडाशी त्याचं नातं काय आहे तेही विचारा. मी ‘शिलाहार माहीत आहेत का?’ असं कधी विचारत नाही. उत्तर नाही असंच येतं आणि माणूस ओशाळतो. ‘ह्या दगडाला तुम्ही काय करता?’ असं विचारा. मग गुरव सांगतो: हा राखणदार, शिमग्याला पालखी इथे थांबते, नारळ पहिला ह्याला, मग सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर). म्हणजे शिलाहार हे नाव विसरलं गेलं, पण त्या काळातल्या माणसाला दर वर्षी नारळ मिळतोच आहे. पुस्तकातल्या शिवकाळाशीही कोणाचं इतकं रोजचं नातं नसतं. या ओळखीला फलकावर जागा दिली नाही, तर आपण पुस्तकी माहिती चिकटवून गावाची स्वतःची माहिती पुसून टाकतो.

गाढवाच्या दगडाबद्दल जरा सांभाळून. ती गधेगळ आहे. वर सूर्य-चंद्र, मध्ये कधी लेख, खाली गाढव आणि स्त्री. राजाने दिलेलं दान जो मोडेल त्याला दिलेली ती शिवी आहे, अक्षरं न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रातली. शिलाहार आणि यादव काळात जमिनीच्या दानाबरोबर असे दगड उभे करत. लेख असेल तर तो तुमच्या गावाचा सगळ्यात जुना कागद समजा. बऱ्याच गावांत हा दगड अशुभ म्हणून पालथा घालतात किंवा शेंदूर फासून देव करतात. शाळेच्या मुलांसमोर कसं सांगायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल. ‘दान मोडणाऱ्याला दिलेला कडक शाप’ एवढं पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

जवळच्या काळाबद्दल मात्र लोकांची स्मरणशक्ती अचूक असते, फक्त ती सनावळीत बोलत नाही. साथीचं साल, रामदास बोट बुडाली ते साल, कोयनेचा भूकंप, गिरणीचा संप, कोकण रेल्वे आली ते साल. रामदास १७ जुलै १९४७ ला रेवसकडे येताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. एवढी यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आजी म्हणाली, ‘ही विहीर बोट बुडाली त्याच्या आदल्या वर्षी खणली’, की तुमच्याकडे १९४६ आलं. मुलाखती घेताना सन विचारलात तर ‘काय की’ एवढंच मिळेल.

या आठवणीच्या पलीकडे, १८१८ ते साधारण १९२० पर्यंतचा काळ मला सगळ्यांत जास्त हरवलेला वाटतो. इंग्रज म्हटलं की टिळक आणि सत्याग्रह आठवतात. पण त्या शंभर वर्षांत गावाचं काय झालं? कॅम्प दापोली, म्हणजे इंग्रजांची छावणी, कशी वसली, जमिनीची मोजणी कशी झाली, मुंबईला माणसं का निघाली आणि गाव मनीऑर्डरवर कसं जगू लागलं, हे सांगणारा माणूस शोधावा लागतो. काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजीतला छोटा संगमरवरी फलक असतो: ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांतले इतके मेले. रंगाच्या थराखाली तो दिसतही नाही. तुमच्या गावात आहे का बघा.

याच काळातला खोत, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा इतिहास बोलायला कोणी तयार नसतं, कारण खोताचं घर आणि कुळांच्या वाड्या अजून त्याच गावात आहेत. १८८० च्या कायद्याने खोती पक्की नोंदली गेली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला, जमिनी ओस ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन म्हणजे ज्याला लोक कूळकायदा म्हणतात त्याचा टप्पा. माझं मत स्पष्ट आहे: हे फलकावर यायला हवं. आज गावातल्या निम्म्या सातबाऱ्यांचा उगम ह्यात आहे. शिलाहारांवर पन्नास ओळी आणि खोतीवर मौन, असा फलक प्रामाणिक नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘सामान्य माणूस’ असा एकच नसतो. कुठला काळ ओळखीचा हे वाडीगणिक बदलतं. २० मार्च १९२७ ही महाडच्या चवदार तळ्याची तारीख बौद्धवाडीतलं पाचवीतलं पोर सांगेल. दोन पाखाड्या सोडून राहणाऱ्या पदवीधराला महिनाही सांगता येणार नाही, असं मी कित्येकदा पाहिलं आहे. दाभोळ-हर्णैच्या मुसलमान घरांत अरबी व्यापाराची आठवण असते. अलिबागजवळच्या नवगावशी बेने इस्रायली ज्यू लोकांची गलबत फुटून किनाऱ्याला लागल्याची परंपरा जोडलेली आहे. वसईत चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय सगळ्यांना ठाऊक, पण तिथल्या ख्रिस्ती घरांना त्याआधीची दोनशे वर्षंही आपली वाटतात. कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घरात बोलतात. मुरूडला १९४८ पर्यंत नवाबाचं राज्य होतं, सावंतवाडीला सावंत-भोसल्यांचं. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘इंग्रजांचा काळ’ म्हटलं की आधी आपला राजा आठवतो. म्हणून माहिती गोळा करताना देवळाच्या मानकऱ्यांपाशी थांबू नका. प्रत्येक वाडीत जा, आणि शक्यतो बायकांशी बोला. माहेर आणि सासर अशा दोन गावांच्या हकिकती त्यांच्याकडे असतात.

आता मजकूर. राजघराण्यांची नावं गाळू नका, फक्त त्यांनी सुरुवात करू नका. आधी समोरची वस्तू, मग तिचं गावातलं नाव आणि रीत, मग काळ. काळ सांगताना नुसता सन न देता राज्याभिषेकाच्या सालापासून, १६७४ पासून, मोजा. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पन्हाळेकाजीचा ताम्रपट राज्याभिषेकाच्या ५३५ वर्षं आधीचा. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला, ते साधारण १२६५ च्या सुमाराचं. म्हणजे शिलाहार संपल्यापासून राज्याभिषेकापर्यंत जेवढा काळ गेला, तेवढा राज्याभिषेकापासून आजपर्यंतही गेलेला नाही. हे एक वाक्य वर्गात फळ्यावर रेघ ओढून सांगा. मधला काळ किती मोठा आहे ते मुलांना दिसतं.

वीरगळासाठी मी असं लिहीन; रिकामी जागा गावात विचारून भरा: ‘हा वीरगळ. लढताना पडलेल्या वीराची आठवण. खालून वर पाहा: लढाई, स्वर्गाची वाट, शिवपूजा. दगडावर वीराचं नाव नाही. असे दगड शिलाहार-यादवांच्या काळात, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या साधारण चारशे ते सहाशे वर्षं आधी उभारत. आपल्या गावात ह्याला ______ म्हणतात आणि ______ ला नारळ देतात.’ यापेक्षा लांब फलक उन्हात उभं राहून कोणी वाचत नाही.

फलक दगडापासून दोन हात लांब रोवा. वीरगळ उचलून सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवण्याची टूम मुंबई मंडळाकडून नक्की येईल, कारण ‘सुशोभीकरण’ या नावाने निधी मिळतो. तिला आत्ताच नाही म्हणा. शेंदूर खरवडू नका, तो गुरवाच्या संमतीशिवाय काढायचा नाही. गधेगळीवर अक्षरं दिसली तर चुना, खडू किंवा पावडर लावू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर फोटो घ्या, अक्षरं आपोआप उठून दिसतात. ते फोटो रत्नागिरीच्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला पाठवा, आणि वाचन हाती येईपर्यंत त्या एका फलकाचा मजकूर छापायला देऊ नका.